चार महिने गाडी बंद राहणार असेल तर बॅटरीचं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी आटोपली की तुम्ही दोघं कॅनडात एडमंटनला मुलाकडे निघणार, परत येणार मार्चअखेर. पेट्रोल गाडी साताऱ्यात घराच्या पोर्चमध्ये उभी राहणार. मुलगा फोनवर सांगतोय, बॅटरी काढून घरात घ्या. शेजारी म्हणतात, किल्ली ठेवून जा, दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतो. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. बॅटरी फुल चार्ज करा, निगेटिव्हची वायर सोडा आणि निर्धास्त जा. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. माझी उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात बॅटऱ्या आणि वायरिंग करण्यात गेली, त्यामुळे मी काही एवढ्यावर थांबणार नाही.

आधी शेजाऱ्यांचा रविवार. गाडी लॉक करून उभी असली तरी आतलं सगळं झोपलेलं नसतं. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघत बसलेलं सेंट्रल लॉकिंग, कॉम्प्युटरची मेमरी, सगळे थोडं थोडं पीत असतात. आजकालच्या गाडीत हे २० ते ५० मिलिअँपिअर असतं. आपण ३० धरू. दिवसाला झाले ०.७२ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं माप), आठवड्याला पाच. आता रविवारी शेजारच्या भाऊंनी सेल्फ मारला आणि पाच मिनिटं गाडी जागेवर घुमवली. आयडलिंगला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा डायनॅमो, बॅटरीला जेमतेम दहा-बारा अँपिअर देणार, म्हणजे पाच मिनिटांत एक एएच. पाच गेले, एक आला. छोट्या गाडीची बॅटरी ३५ एएचची असते, म्हणजे महिन्याभरात ती अर्ध्यावर. शिवाय इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. भाऊंचा हेतू सोन्यासारखा आहे, पण हिशोब तोट्याचा आहे. लिंबखिंडीतून हायवेला लागून भुईंजपर्यंत लांबची फेरी मारून यायची त्यांची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग तुमची गाडी, त्यांचं लायसन्स आणि कुठे ठोकली तर पुढचं सगळं, हा विचार तुम्ही करा.

आणि कोणीच काही केलं नाही तर? चार महिन्यांचे ८६ एएच होतात. तुमच्याकडे आहेत ३५.

मुलाचं म्हणणं तिथल्या हवेत अगदी बरोबर आहे. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधला सल्फेटचा भाग प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे उरतं ते जवळजवळ पाणी. पाणी म्हटलं की गोठणं आलं. भरलेली बॅटरी उणे ५० च्या खालीही सहसा गोठत नाही, पण पुरती उतरलेली उणे ७ ते १० अंशांतच गोठते आणि डबा तडकतो. एडमंटनला उणे २० ची रात्र म्हणजे काही नवल नाही. त्यात उणे १८ च्या आसपास बॅटरीची सेल्फ फिरवायची ताकद निम्म्यावर येते, आणि इंजिन ऑइल दाट झाल्यामुळे सेल्फला जोर मात्र जास्त लागतो. म्हणून तिकडे गाडी हिवाळाभर ठेवून देणारे लोक बॅटरी आत घेतात. गेल्यावर बघा, बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक प्लग लोंबत असतो. मोबाइलसारखं गाडीलाच चार्जिंगला लावतात असं वाटतं, पण तो प्लग इंजिन गरम ठेवायचा आहे.

आपल्याकडे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, यातच काय ते आलं. साताऱ्याची थंडी १०-१२ अंशांची. ती बॅटरीला त्रास देत नाही, उलट बरी असते. बॅटरी आपली आपणही थोडी उतरत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे तुमची बॅटरी डिसेंबरात आरामात असेल. तिला सांभाळायचंय ते मार्चच्या उन्हापासून. पोर्चमध्ये दुपारचं ऊन येत असेल तर बॅटरी काढून घरात गार खोलीत ठेवायला माझी हरकत नाही. सावली असेल तर गाडीतच राहू द्या, नुसती वायर सोडा. वायर सुटली की उरते ती तिची स्वतःची गळती, महिन्याला तीन ते पाच टक्के. चार महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास शिल्लक असेल, सेल्फ एका झटक्यात लागेल.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. रिटायर झाल्यावर दोन महिने मुलीकडे राहायला गेलो. आपल्याला काय सांगायचंय कोणी, या तोऱ्यात वायर काही सोडली नाही. त्यात डॅशकॅमेरा नवीन बसवलेला, आणि बसवणाऱ्याने तो किल्लीच्या स्विचवर न घेता थेट बॅटरीवर जोडलेला. मी तपासलंच नव्हतं. परत आलो, किल्ली फिरवली. टक्. टक्. टक्. मीटर लावला तर १०.८ व्होल्ट. दोन दिवस चार्जिंगला ठेवली, १२.३ पर्यंत आली, रात्रीत पुन्हा ११.९. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचा तो सल्फेट कडक होतो, पितळी भांड्यावरच्या जुन्या डागासारखा. चार्जिंगने तो मग सुटत नाही. जेमतेम दीड वर्षाची बॅटरी मोडीत गेली. दुकानदार ओळखीचा होता. तो काही बोलला नाही, नुसता हसला.

आता कसं करायचं ते. निघायच्या तीन-चार दिवस आधी बॅटरीवाल्याकडून फुल चार्ज करून घ्या. "साहेब, गाडी चालू आहे म्हणजे चार्ज आहेच" असं तो म्हणेल, ऐकू नका. गावातल्या गावात फिरणारी गाडी क्वचितच पूर्ण भरलेली असते. चार्जिंगवरून काढल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ किंवा वर हवी. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिड किती दाट आहे ते सांगणारा हायड्रोमीटरही लावायला सांगा. रबरी फुगा दाबून ॲसिड काचेच्या नळीत ओढायचं आणि आतला तरंगा कुठे थांबतो ते बघायचं. बॅटरीच्या सहाही घरांत (सेलमध्ये) आकडा १२६५ ते १२८० च्या दरम्यान आला तर उत्तम. पाच घरं १२७० दाखवतायत आणि एकच ११८० वर बसलंय, तर ते घर गेलं. ती बॅटरी चार महिने सांभाळण्यात अर्थ नाही, परत आल्यावर नवीनच घ्या. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच टाका. आरओचं नाही, ॲसिड तर मुळीच नाही.

वायर सोडताना बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह सोडायची, जोडताना ती सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. गाडीची सगळी बॉडी म्हणजे निगेटिव्ह. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की थेट शॉर्ट. हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा काढून ठेवा. माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेवर अजून एक गोल पांढरा व्रण आहे. तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं आणि अंगठी न काढण्यात मला मोठं कौतुक वाटायचं. पाना, अंगठी आणि चेसिस एका रेषेत आले, एका क्षणात अंगठी तापली आणि वर्कशॉपभर मी ओरडलो.

सोडलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला वळवून ठेवा, टर्मिनलला परत शिवू देऊ नका. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा, पुसा, व्हॅसलीन लावा.

एक गोष्ट लोक विसरतात: वायर सोडली की रिमोट चालत नाही. किल्लीने ड्रायव्हरचा दरवाजा उघडतो का, हे आधी करून बघा. कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं त्या भोकात किल्ली घातलेलीच नसते. डिकी विजेवर उघडणारी असेल तर आत काही लागणारं ठेवू नका. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो लिहून ठेवा. गाडी स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी असेल तर तिची बॅटरी वेगळ्या प्रकारची असते, चार्जर लावण्याआधी मॅन्युअल बघा.

चार्जर कायम जोडून ठेवायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. भरल्यावर आपोआप मंद होणारे स्मार्ट चार्जर चांगलेच असतात, पण बंद घरात चार महिने वीज चालू ठेवून जाणं मला पटत नाही. मेन स्विच पाडा आणि जा. साधा चार्जर तर अजिबात नको, तो पाणी उकळवून प्लेटा उघड्या पाडतो.

बॅटरी काढून ठेवणार असाल तर खाली फळी ठेवा म्हणणारेही भेटतील. फरशी करंट ओढते, ही समजूत जुन्या रबरी डब्यांच्या काळातली आहे. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही.

बाकी झटपट सांगतो. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात; गिअरमध्ये टाका आणि चाकाला विटा लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच पाँड हवा जास्त. टाकी जवळजवळ भरून ठेवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं, आणि ते हवेतला ओलावा ओढतं. टाकीत हवा कमी तेवढं बरं. कव्हर कापडी घ्या, प्लास्टिकचं नको. विमा मधे संपत असेल तर जाण्याआधीच भरा. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो-क्लेम बोनस जातो.

उंदरांचं मात्र मनावर घ्या. तुम्ही जाताय तेव्हाच ऊसतोड सुरू होते आणि शेतातले उंदीर घरांकडे सरकतात. बंद बॉनेटखाली त्यांना सुरेख घर मिळतं. लोक तंबाखूच्या पुड्या ठेवतात, मीही ठेवतो, पण महिन्याभरात वास उडतो. भाऊंना रविवारची हौस असेलच तर त्यांना हे काम द्या: बॉनेट उघडायचं, काडीकचरा दिसतो का बघायचं, पुडी बदलायची, बॉनेट पाडायचं. त्यासाठी दरवाजाची किल्ली पुरते.

परत आल्यावर वायर जोडण्याआधी एअर फिल्टरचं झाकण उघडून आत बघा. मागे एका गिऱ्हाइकाच्या फिल्टरमध्ये अर्धा किलो शेंगदाण्याची टरफलं निघाली होती. मग मीटर लावा. १२.४ च्या वर असेल तर वायर जोडून सेल्फ मारा. कमी असेल तर आधी चार्जिंग. पहिल्या ब्रेकला खरखर आवाज येईल, डिस्कवरचा गंज असतो, दोन-चार ब्रेकांत जातो.

बॅटरी किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. साडेतीन-चार वर्षं झाली असतील तर आता हात लावू नका, नुसती वायर सोडून जा आणि नवीन बॅटरी मार्चमध्ये घ्या. आत्ता घेतलीत तर वॉरंटीचे चार महिने उभ्या गाडीत जातील.