वाचक विचारतात : कॉलेजचा ई-स्पोर्ट्स विभाग पारखायचा कसा?

प्रश्न : माझा मुलगा व्हॅलोरंट हा संगणकावरचा नेमबाजीचा सांघिक खेळ खेळतो. अमेरिकेतल्या एका लहान खाजगी कॉलेजने त्याला संगणकशास्त्राच्या प्रवेशासोबत ई-स्पोर्ट्सची, म्हणजे संगणक खेळांच्या स्पर्धांसाठीची, शिष्यवृत्ती देऊ केली आहे. त्यांच्या व्हिडिओत रंगीत दिव्यांची खोली आणि ट्रॉफ्या दिसतात. एवढ्यावरून काय ठरवायचं? नेमकं काय विचारावं?
– एक पालक, नाशिक

उत्तर : आधी शिष्यवृत्तीचं पत्र नीट वाचा. ती किती वर्षांची आहे आणि कशाने बंद पडते? संघातून वगळलं, मनगट दुखावलं किंवा कॉलेजने व्हॅलोरंटचा संघच बंद केला, तर पैसे चालू राहतात का? तिसरी शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. फुटबॉल कुणा कंपनीच्या मालकीचा नाही, व्हॅलोरंट मात्र रायट कंपनीचा आहे. स्पर्धांचे नियम तीच ठरवते, आणि एखाद्या खेळाची हवा ओसरली की कॉलेजं दुसऱ्या खेळाकडे वळतात. कॉलेजची आर्थिक तब्येतही पाहा. 2014 मध्ये लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या संगणक खेळाच्या खेळाडूंना सर्वांत आधी शिष्यवृत्ती देणारं शिकागोचं रॉबर्ट मॉरिस विद्यापीठ 2020 मध्ये रूझवेल्ट विद्यापीठात विलीन झालं. शिवाय फी दरवर्षी वाढू शकते आणि शिष्यवृत्तीची रक्कम आहे तेवढीच राहू शकते. म्हणून हिशेब पहिल्या वर्षाचा न करता चारही वर्षांचा मांडा.

मग आठवड्याचं वेळापत्रक मागा. अमेरिकेत कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने हंगामात दिवसाला 4 आणि आठवड्याला 20 तासांची मर्यादा घातली आहे. पण 2019 मध्ये या संस्थेने ई-स्पोर्ट्स आपल्या छत्राखाली घेण्याचा विषय बाजूला ठेवला, त्यामुळे ही मर्यादा तिथे आपोआप लागू होत नाही. कॉलेजने स्वतःची मर्यादा लेखी ठरवलेली असावी. दोन-दोन तासांचे तीन सराव सामने, रेकॉर्डिंग पाहून चुका शोधायला दोन तास, एक स्पर्धेचा सामना आणि थोडा व्यायाम, म्हणजे 11-12 तास झाले. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला एवढं झेपतं. 25 तास सांगितले तर सावध व्हा. वेळापत्रकात रेकॉर्डिंग पाहणं नसेल तर तिथे नुसता खेळ होतो, शिकवणं होत नाही. तीच चूक पोरं वर्षभर करत राहतात.

आमच्या मते विभागाची खरी परीक्षा राखीव खेळाडूपाशी होते. व्हॅलोरंटमध्ये एका संघाचे 5 जण खेळतात, कॉलेज घेतं 7, कधी दुसरा संघही असतो. पहिल्या पाचांची काळजी सगळेच घेतात. सातव्याला महिन्यात किती सामने मिळतात? दुसऱ्या संघाला पगारी कोच आहे, की एखादा सीनियर फावल्या वेळात बघतो? दुसऱ्या संघातल्या दोघांशी, कोच कॉलवर नसताना, मुलाला बोलू द्या. गेल्या वर्षीची आणि यंदाची संघाची यादी शेजारी ठेवा. पदवी न घेताच गळालेली नावं बरीच असतील तर कारण विचारा. नीट चालणारा विभाग त्याचं सरळ उत्तर देतो.

व्हिसाचंही पाहा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात पूर्णवेळ, साधारणपणे 12 क्रेडिट, शिकावंच लागतं. हंगामात एखादा विषय सोड असं कोच म्हणाला, तर त्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारायचं. बक्षिसाची रक्कम किंवा स्ट्रीमिंगची कमाई घेण्याआधीही त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. ती कमाई परवानगीविना केलेलं काम ठरली तर व्हिसाच अडचणीत येतो.

प्रश्न : आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये संध्याकाळी मुलं व्हॅलोरंटचा सराव करतात. निम्मा वेळ अपडेट आणि लॅगमध्ये (खेळ अडखळण्यात) जातो. नवीन ग्राफिक्स कार्डांचा प्रस्ताव टाकू का?
– एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर : मॅडम, प्रस्ताव जरा थांबवा. पुष्कळ लॅबमध्ये संगणक रीस्टार्ट केला की सगळे बदल पुसून टाकणारं सॉफ्टवेअर असतं. मुलं संध्याकाळी अपडेट उतरवतात, सकाळी ते गेलेलं असतं. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही फसवणूक रोखणारी यंत्रणा तर बसवल्यावर रीस्टार्ट मागतेच, म्हणजे बसवली की पुसली! सहा संगणक सरावासाठी वेगळे काढा आणि त्यांच्यावरून ते सॉफ्टवेअर हटवा. विंडोज 11 असेल तर व्हॅनगार्डसाठी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू आहेत ना, तेही पाहा. अपडेटचं काम मुलांकडे नको. लॅब असिस्टंटने सरावाच्या आदल्या दिवशी ते उरकावं.

लॅगसाठी इंटरनेटचा वेग वाढवून फारसं साधत नाही. खेळाला डेटा थोडाच लागतो. बिघडतं ते पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवल्याने आणि पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर परत यायला लागणारा वेळ, वरखाली झाल्याने. वाय-फाय बंद करून लॅन केबल लावा. सरावाच्याच वेळी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीतून कॉलेजच्या राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या सर्व्हरला दहा मिनिटं सलग पिंग करा. राउटरचंच पिंग उड्या मारत असेल तर दोष केबलमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. राउटर स्थिर आणि बाहेरचं पिंग 30 वरून 200 मिलिसेकंदांवर जात असेल, तर बहुधा कुणीतरी मोठं डाउनलोड लावलंय आणि लाइन तुंबतेय. तेव्हा नेटवर्क विभागाला सांगून सरावाची यंत्रं वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र भागावर) घ्या, त्यांना प्राधान्य द्या आणि बाकी लॅबच्या डाउनलोडवर मर्यादा घाला.

मॉनिटर 144 हर्ट्झचे (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारे) असले तरी विंडोजची सेटिंग 60 वरच राहिलेली असते. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ती बदला. यात एक रुपया लागत नाही.

एवढं करून महिनाभर नोंद ठेवा : सराव किती मिनिटांचा ठरला आणि प्रत्यक्ष खेळ किती झाला. तरीही खेळताना फ्रेम्स (संगणक सेकंदाला तयार करतो ती चित्रं) मॉनिटरच्या आकड्याखाली घसरत असतील, तर कार्डांचा प्रस्ताव जरूर टाका. त्यासोबत वायरमनलाही बोलवा. खेळाच्या एका संगणकाला मॉनिटरसह 450 वॉट धरले तर सहांचे 2,700 होतात. 16 अँपिअरचं सर्किट 230 व्होल्टवर साधारण 3,700 वॉट देतं, तेव्हा एसी त्याच सर्किटवर नको.