जुईची बहीण सईच हवी का?

म्युनिकहून एका आईचं पत्र आलंय. थोरली जुई साडेतीन वर्षांची, धाकटी जानेवारीत येणार. (मुलगी आहे हे तिथे आधीच कळतं, इथे आपण बारशापर्यंत दोन याद्या सांभाळतो.) नवऱ्याला जुईच्या जोडीला सई हवी. दादरच्या सासूबाईंना पत्रिकेतल्या अक्षरावरूनच नाव हवं. बाईंना दोन्ही नकोय, पण सांगायचं कुणी?

आधी सासूबाईंचं बघू. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं, आणि त्यातलं कुठलं वाट्याला येणार ते बाळ जन्मल्यावरच कळणार. मग आत्तापासून भांडण कशाला? त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो. त्यावरून नाव काढून दाखवावं कुणीही! जुन्या घरांत यावर सोय होतीच. पत्रिकेतलं नाव पाळण्यापुरतं, हाक मारायचं वेगळं. आत्याला व्हिडिओ कॉलवर ‘कुर्र’ करू दे, पेढे दादरला वाटले जातील.

सईबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. नाव गोडच, पण जर्मन माणूस स्वराआधीचा ‘एस’ ‘झ’सारखा म्हणतो आणि ‘एआय’ला ‘आय’ म्हणतो. म्हणजे सईची झाली ‘झाय’. जुईची तर एव्हाना ‘युई’ झालीच असेल, कारण तिथे ‘जे’ म्हणजे ‘य’. एकीचं नाव रोज दुरुस्त करताय, तेवढं पुरे.

दुसरी अडचण घरातलीच. आम्ही गिरगावात चाळीत वाढलो. आजीला पाच मुली, पाचही ‘सु’वरून. गॅलरीतून हाक मारताना ती ‘सु… सु…’ करत अडकायची आणि शेवटी ‘अगं, जी कोण असशील ती ये!’ म्हणून मोकळी व्हायची. जुई-सई ओरडून बघा एकदा, स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी होत असताना. दोघींनाही ‘ई’च ऐकू येणार, आणि दोघीही येणार नाहीत.

भावंडांची नावं यमकानं जुळावीत असं आपल्याकडे कुठे होतं? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. एकाचंही आद्याक्षर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि तरी निवृत्तीपासून मुक्तीपर्यंतची अख्खी वाट त्या चार नावांत आहे. मंगेशकरांकडे लता, मीना, आशा, उषा या दोन-दोन अक्षरी, आणि भाऊ हृदयनाथ! कुणाला खटकलं?

तेव्हा अर्थाचा धागा धरा. जुई फूल आहे, तर बहीणही बागेतलीच शोधा. बकुळ मला फार आवडतं, पण त्यातला ‘ळ’ तिथे जगणार नाही. केतकी चालेल, जरा ठसकेबाज आहे. माझं मत अबोलीला. मराठीत म्हणतो तसंच जर्मनीतही जवळपास म्हणतील, आणि जुईच्या शेजारी उभी राहिली तरी स्वतःची राहील. नाव अबोली ठेवलं की पोरगी हमखास बडबडी निघते, एवढी तयारी ठेवा.

स्पेलिंग मात्र बाळ यायच्या आधीच ठरवा, आणि आडनावाचं जुईच्या कागदांवर आहे तेच, अक्षर न् अक्षर. तुम्ही दोघं भारतीय नागरिक असाल तर जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची असते. जर्मन दाखल्यावर एक आणि भारतीय पासपोर्टवर दुसरं झालं, तर पुढे खेटे घालत बसाल.

आणि हो, सासूबाईंना जन्मवेळ कळवाल तेव्हा ती म्युनिकची आहे हे बजावून सांगा. हिवाळ्यात मुंबई साडेचार तास पुढे असते. गुरुजींनी इथली वेळ धरली तर चरण बदलू शकतो, आणि मग सासूबाई पुन्हा फोन करतील.