आईबाबा खानापुरात, आम्ही पुण्यात. व्हीआर हेडसेट घेतला तर जवळीक वाढेल की घरातच एकेकटे होऊ?

डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा हा हेडसेट दूरच्या माणसाशी जोडेल, पण शेजारी बसलेल्यापासून तेवढ्या वेळापुरता तोडेल. आणि जोडण्यासाठी दोन्हीकडं हेडसेट हवा. फक्त खानापुरात असेल तर गप्पांना साधा व्हिडिओ कॉलच बरा, त्यात चेहरा तरी दिसतो. मी बेळगाव-निपाणी भागातल्या शाळांत मुलांना हेडसेट दाखवायचं काम करतो. डोळे पूर्ण झाकले जातात, चित्र एकालाच दिसतं, बाकीचे रांगेत कंटाळतात. तेच चित्र वायफायवरून टीव्हीवर लावलं की सगळा वर्ग 'डावीकडं बघ, वर बघ' म्हणून ओरडायला लागतो! म्हणून घरीही ही सोय आधी लावून द्या, मगच आईंच्या डोक्यावर हेडसेट चढवा. नातवंडं असतील तर वय बघा: फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं २०२३ मध्ये आपल्या क्वेस्ट हेडसेटची वयोमर्यादा १३ वरून १० केली, त्याखाली नाहीच.

मात्र वयस्कर माणसांना गरगरू शकतं, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही. खुर्चीत बसवून, स्थिर दृश्यांपासून, पाच-दहा मिनिटंच सुरुवात करा.