कार्यालयीन प्रिंटर निवडताना सुगम्यतेचा विचार

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात मी लिपिक आहे. आमच्या कार्यासनावरील एक सहकारी चाकाची खुर्ची वापरतात आणि एका बाईंची दृष्टी अतिशय अधू आहे. नवा प्रिंटर घेताना जमिनीवर उभे राहणारे मोठे यंत्र घ्यावे की टेबलावरचा लेझर प्रिंटर? विक्रेते मिनिटाला किती पाने निघतात, एवढेच सांगतात.
– एक वाचक, परभणी

उत्तर : तुमच्या कार्यालयासाठी टेबलावरचा, दाबता येणाऱ्या बटणांचा लेझर प्रिंटर अधिक योग्य ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या यंत्रात छपाई, स्कॅनिंग आणि झेरॉक्स या सोयी एकत्र मिळतात. परंतु त्याची काच बहुधा इतकी उंच असते की, बसलेल्या माणसाला आपण कागद सरळ ठेवला की नाही, हेही दिसत नाही. अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता मानकांत बसून हात पोहोचण्याची कमाल उंची 48 इंच धरली असून, यंत्राचा हाताळण्याचा भाग एका हाताने, घट्ट न पकडता, मनगट न पिळता आणि 5 पौंडांपेक्षा अधिक जोर न लावता चालावा, असे म्हटले आहे. ती मानके आपल्याला बंधनकारक नाहीत, तरी टोनर बदलणे आणि कागदाचा ट्रे ओढणे या दोन्ही गोष्टी त्या कसोटीवर अवश्य पाहाव्यात.

अधू दृष्टीच्या व्यक्तीला सपाट टचस्क्रीन सर्वांत त्रासदायक ठरतो, कारण बोटाला काहीच खूण लागत नाही. बटणे उठावाची असावीत, अंकांची पाटी असल्यास 5 वर उंच ठिपका असावा आणि बिघाडाची सूचना केवळ दिव्याच्या रंगावरून न मिळता आवाजानेही मिळावी. मात्र पॅनेलला हात लावण्याची वेळच कमी येईल, अशी व्यवस्था करणे याहून महत्त्वाचे आहे. दुहेरी छपाई, प्रतींची संख्या, कागदाचा आकार हे सर्व संगणकावरूनच ठरवता येते आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) या निवडींची पडद्यावर येणारी चौकट वाचून दाखवू शकतो. नेटवर्कला जोडता येणाऱ्या अनेक प्रिंटरचे सेटिंगही ब्राउझरमध्ये उघडते. ते स्क्रीन रीडरने नीट वाचले जाते का, हे खरेदीपूर्वी तपासावे.

अडकलेला कागद काढण्याची जागा मात्र बहुतेक खरेदीदार पाहतच नाहीत. ज्या प्रिंटरचे झाकण मागून उघडते, तो भिंतीला टेकवून ठेवल्यास खुर्चीवरील सहकाऱ्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याची मदत मागावी लागेल. त्यामुळे टोनर, ट्रे आणि अडकलेला कागद या तिन्हींपर्यंत समोरूनच हात जाईल असे मॉडेल निवडावे आणि टेबलाखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा ठेवावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी आणि अडथळाविरहित वातावरण देणे शासकीय आस्थापनेला बंधनकारक आहे. म्हणून या अपेक्षा दरपत्रके मागवण्यापूर्वीच तांत्रिक तपशिलात नमूद कराव्यात आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी ट्रे भरण्यापासून कागद काढण्यापर्यंतचे सारे काम त्या दोन्ही सहकाऱ्यांनाच करून पाहू द्यावे.