१ टीबीची डिस्क ९३१ जीबीच का दिसते? आणि फोल्डरांची बेरीज वापरलेल्या जागेशी का जुळत नाही?

जेल रोडच्या ज्या दुकानदाराकडून तुम्ही डिस्क घेतलीत, त्यानं फसवलेलं नाही, निश्चिंत राहा. कंपनी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी (१०,००,००,००,००,०००) बाइट धरते. विंडोज त्याला तीनदा १०२४ नं भागतं, म्हणून ९३१.

बेरजेचं दुखणं वेगळं. तुम्ही फक्त दिसणारे फोल्डर मोजलेत. पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्यासाठीची) आणि रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास मागे जाण्यासाठी जपलेली जुनी स्थिती) लपलेले असतात, पण जागा खातातच. एकटी हायबरनेशनची फाइलच कित्येक जीबींची असू शकते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज उघडा आणि आधी टेंपररी फाइल्स पाहा. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, पुसण्यासाठी त्यावर खूण करू नका हो, घरातले फोटो बरेचदा तिथेच पडलेले असतात! सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातून हातानं काहीही पुसू नका.