मुलाखत तिची आहे, कार्डं ठेवून द्या

(ऐरोलीच्या एका वडिलांचं पत्र: मुलगी पाच वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या आठवड्यात फोर्टमधल्या लॉ फर्मची व्हिडिओ मुलाखत. उत्तरं वडिलांनी इंग्रजीत लिहून पाठ करून घेतली आहेत, मुलाखतीच्या वेळी लॅपटॉपमागे उभं राहून ते कार्डंही दाखवणार आहेत. ठाणे कोर्टातली इंटर्नशिप ‘किरकोळ’ म्हणून बायोडेटातून काढावी का, असं विचारतात.)

नमस्कार,

कार्डं अजिबात नकोत. वाचणाऱ्याची नजर सरकते आणि समोर बसलेल्या वकिलाच्या ते लगेच लक्षात येतं. शिवाय ही सरळसरळ कॉपी आहे. पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. उद्या जिला अशिलासमोर एकटीने बोलायचंय, तिला घरातूनच कळतंय की आपल्या बोलण्यावर बाबांचा भरवसा नाही. तुमच्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीचंही नाही. तिला फर्ममध्ये जायचंय का? आजच विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

ठाण्याची इंटर्नशिप काढू नका, उलट वर घ्या. तिने चेक बाउन्सच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 च्या नोटिसा तयार केल्यात, असं तुम्हीच लिहिलंय. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, ते न दिल्यास पुढच्या महिन्याभरात तक्रार. हे तिने हाताने केलंय. नोटीस ‘अनक्लेम्ड’ (कोणी घेतली नाही) अशा शेऱ्याने परत आली तर काय, असं विचारलं तर जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 27 तिला आठवेल: बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने गेलेली नोटीस बजावली गेली असं धरलं जातं. वेबिनारच्या प्रमाणपत्रावर असा पुढचा प्रश्न आला की उमेदवार गप्प होतो. मात्र पक्षकाराचं नाव चुकूनही घ्यायचं नाही, ‘एका पुरवठादारातर्फे’ एवढं पुरे. आज जुन्या अशिलाचं नाव फोडणारा उद्या फर्मच्या अशिलांचंही फोडेल, असाच अर्थ निघतो.

इंग्रजी साधं चालतं. पाठ केलेलं उत्तर मात्र उपप्रश्न आला की कोसळतं.

मुलाखत लाइव्ह आहे की रेकॉर्डेड, हे ईमेलमध्ये नीट वाचा. रेकॉर्डेडमध्ये प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला काही सेकंद, उत्तराला साधारण एक-दोन मिनिटं. समोर मान डोलावणारं कोणी नसल्यामुळे मुलं बोलतच राहतात आणि वेळ संपते. तिने मोबाइलवर 90 सेकंदांची उत्तरं रेकॉर्ड करून ऐकावीत: पहिल्याच वाक्यात उत्तर, मग कारण, मग थांबायचं.

लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. खिडकी समोर हवी, पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो. वायरचे इअरफोन वापरा, पंखा कमी ठेवा, विंडोजचे अपडेट आदल्या रात्री उरका. वीज गेली तर वायफायही जातं, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेलं असावं. झूमवर ‘पप्पा आयफोन’ असं नाव दिसणार नाही, तेही बघा.

जेएमएफसीबद्दलही, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेबद्दलही, विचारलंय. मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, त्यामुळे यंदाचा ‘दुसरा पर्याय’ म्हणून ती धरू नका.

त्या तासाभरात तुमच्याकडे तीन कामं: डोअरबेल बंद, कुकर बंद, आणि तुम्ही खोलीबाहेर.