दापोलीतल्या बंद नेटबद्दल: लाईनमनशी भांडू नका, डॉकेट नंबर घ्या

ताई, दापोलीच्या घरी बारा दिवस नेट बंद, सहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेले आणि कस्टमर केअरने तीनदा 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज पाठवलाय, हे वाचून जीव जळला. मी गुहागरकडचा, गेल्या पावसात अगदी हेच भोगलंय.

आधी फायबरच्या डब्यावरचा (मोडेमवरचा) एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच घरापर्यंत येत नाहीये, मग राऊटर शंभर वेळा बंदचालू करून काय होणार? केअरवाले दर वेळी तेच करायला लावतात, म्हणून फोन लागल्या लागल्या सांगायचं की एलओएस लाल आहे, लाईन तुटलीय, माणूस पाठवा. दिवा लाल नाही पण नेट सारखं जातंय असं असेल तर डब्याच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. -२० च्या आसपास असेल तर उत्तम, -२८, -२९ दिसलं तर लाईन कधी धरणार कधी सोडणार, त्याचा फोटो काढून ठेवा. घरातली पातळ वायर दारात चेमटलीय का, कपाटामागे दुमडलीय का तेही बघा, आत काच असते, जास्त वाकली की प्रकाश बाहेर गळतो. फक्त मागच्या खोलीत वायफाय पोचत नसेल तर मात्र कंपनीला बोल लावू नका, आपल्या जांभ्याच्या जाड भिंती वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ सिग्नलला झेपत नाहीत, वायर ओढून माजघरात दुसरा राऊटर लावा.

आपल्याकडे लाईन बहुतेक खांबाखांबावरून येते, तिच्यावर माडाची झावळ पडते, माकडं लोंबकळतात, रस्त्याच्या कामात जेसीबी लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांबच आडवे झाले होते, तेव्हा कोणी तक्रार केली नाही, समजून घेतलं सगळ्यांनी. पण माझ्याकडे फणसाची एक फांदी पडून वायर तुटली आणि अकरा दिवस कोणी फिरकलं नाही, आणि मी रोज लाईनमनला फोन करून त्याच्यावर ओरडत होतो. ते चुकलंच माझं. तो बिचारा एकटा कितीतरी वाड्या बघतो, जोडायचं मशीनसुद्धा त्याला दुसऱ्याकडून मागून आणावं लागतं, आणि त्याला केलेला फोन कंपनीच्या कुठल्याच नोंदीत येत नाही. भांडण कंपनीशी करायचं आणि लेखी करायचं.

म्हणजे कसं, तर प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागायचा, तो देणं ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) २०१२ च्या नियमाने त्यांच्यावर बंधनकारक आहे. नेट सुरू न होता 'सोडवली' मेसेज आला की स्क्रीनशॉट काढा, लाल दिव्याचा तारखेसकट फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील टाका. वेबसाईटवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात पत्ता असतो, शोधावा लागतो. पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मी अपील टाकलं आणि तिसऱ्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन खळ्यात हजर! बंद दिवसांचे पैसेही वळते करून मागा, मला मिळाले. काही लोक थेट ट्रायला लिहितात पण ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, कंपनीकडेच धाडते.

तरीही हलले नाहीत तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तुमच्यासाठी रत्नागिरीला. टेलिकॉमची तक्रार तिथे चालत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालते असा निकाल दिलाय. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही.

आणि पुढच्या वेळी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, विशेषतः मे महिन्यात, मग पावसाळाभर आपल्या हातात काहीच उरत नाही. महिन्याचा प्लॅन थोडा महाग पडतो, पडू दे. मुलीची ऑनलाईन परीक्षा सोमवारी आहे म्हणालात, तोवर फोनचं हॉटस्पॉट घ्या, पण ते तीन मेसेज डिलीट करू नका, आज रात्रीच अपिलाला जोडा. मजकूर लिहायला अडलं तर इथेच टाका, मी बघून देतो.